टेबल फुल: फायरवॉलच्या एका ओळीचा बदल तपासताना

२०२५ मध्ये लिनक्सच्या फायरवॉलमधला एक जुना संदेश बदलला. आधी तो होता ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’, म्हणजे तक्ता भरला, पॅकेट टाकून देतोय. नव्या रूपात ‘फुल’च्या पुढे ‘इन नेटएनएस’ हे दोन शब्द आणि एक आकडा आला. तक्ता नेमका कोणत्या नेटवर्क-कप्प्यात भरला, ते त्या आकड्यावरून कळतं. फायरवॉल काय अडवते आणि काय सोडते, यात तसूभरही फरक पडला नाही. फक्त बोलण्याची तऱ्हा बदलली.

असा बदल समोर आला की कोड तपासणाऱ्याचा हात सैल सुटतो. मजकूरच तर आहे, नजर फिरवली की झालं, असं वाटतं. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. फायरवॉलचा नियम तपासायला जितका वेळ देतो तितकाच तिच्या संदेशाला द्यायला हवा, कारण हा संदेश वाचणारे कोण आहेत, कुठे आहेत आणि त्यावरून काय ठरवतात, हे कोड लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्या वाचकांपैकी बरेचसे तर माणसंही नाहीत.

आधी हा तक्ता कसला, ते पाहू. जवळपास प्रत्येक आधुनिक ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, फायरवॉलचा कोड असतो. लिनक्समध्ये त्याचं नाव नेटफिल्टर. रस्टी रसेल यांनी १९९८ च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलसोबत तो सर्वांच्या हाती पडला. आयपीटेबल्स हे त्याचं जुनं हत्यार. त्याची जागा घेणारं एनएफटेबल्स जानेवारी २०१४ मध्ये ३.१३ कर्नलसोबत आलं. ओपनबीएसडीत पीएफ आहे, फ्रीबीएसडीत पीएफ आणि आयपीएफडब्ल्यू दोन्ही आहेत, विंडोजची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे.

यातली फायरवॉल येणारं प्रत्येक पॅकेट सुटं पाहत नाही. ते कोणत्या चालू संवादाचा भाग आहे, हे ती लक्षात ठेवते. तुमच्या संगणकाने बाहेर विनंती पाठवली असेल तर तिचं उत्तर आत येऊ द्यायचं, आगंतुक पॅकेट मात्र अडवायचं, हे त्यामुळे जमतं. ही आठवण जिथे साठते तो जोडण्यांचा तक्ता, कॉनट्रॅक. त्याला मर्यादा असते. बरीच वर्षं नेहमीच्या सर्व्हरवर तक्त्याचे १६,३८४ खाने आणि त्याच्या चौपट, म्हणजे ६५,५३६ जोडण्या, अशी आपोआपची मांडणी असे. एकदा जुळलेली टीसीपी जोडणी गप्प पडली, तर तिची नोंद मूळ मांडणीनुसार पाच दिवस तशीच राहते. पलीकडचा संगणक केव्हाच बंद झालेला असतो, पण तक्त्यात त्याची जागा अडलेली असते. त्यामुळे गर्दी फार नसतानाही तक्ता भरू शकतो.

तो भरला की लक्षण मोठं फसवं दिसतं. जुन्या जोडण्या चालू राहतात, नव्या लागत नाहीत. नाशिकच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून प्रणालीत शिरलेला कॅशियर मजेत काम करतोय, आणि त्याच क्षणी सिन्नर शाखेतून फोन येतो की स्क्रीनच उघडत नाही. सर्व्हर चालू आहे, लाइन चालू आहे, प्रोसेसरवर ताण नाही. दुखणं कुठे आहे हे धडपणे सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे लॉगमधली ती ओळ. टेबल फुल.

ती ओळ सहसा माणूस वाचत बसत नाही. एखादी छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला लॉग चाळते, ठरलेले शब्द सापडले की मोबाइलवर सूचना पाठवते. ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही शब्दांची माळ त्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी कधीतरी जशीच्या तशी टाकून ठेवलेली असते. आता कर्नल अद्ययावत झाला. नव्या संदेशात ‘टेबल फुल’ आहे, ‘ड्रॉपिंग पॅकेट’ही आहे, पण दोघांच्या मध्ये ‘इन नेटएनएस’ आणि आकडा येऊन बसलाय. माळ तुटली. स्क्रिप्टला काहीच सापडत नाही, आणि काही न सापडणं याचा तिच्या लेखी अर्थ एवढाच की सगळं आलबेल आहे. कुठेही चूक दाखवली जात नाही. कोड बिनतक्रार बांधला गेला, चाचण्या पार पडल्या, आणि जगाच्या एका कोपऱ्यात धोक्याची घंटा बंद पडली.

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते नाशिककर ऐकतात, पण एकमेकांना विचारतात ते हे की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं. गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? सराफ बाजारातला आणि भांडी बाजारातला दुकानदार माल कधी हलवायचा ते त्यावरून ठरवतो. उद्या कुणी सद्भावनेने ती मूर्ती दोन फूट उंच चौथऱ्यावर बसवली, तर नदीच्या पाण्यात काही फरक पडणार नाही, पण गावाचा हिशेब चुकेल. लॉगमधल्या संदेशाचं नेमकं हेच आहे. ते एक मापचिन्ह आहे, आणि त्याच्या भरवशावर निर्णय घेणारे लोक ते चिन्ह बसवणाऱ्याला विचारून घेत नाहीत.

मग तो २०२५ चा बदल चुकीचा होता का? मुळीच नाही. आज एकाच यंत्रात डझनावारी कंटेनर चालतात आणि प्रत्येकाचं नेटवर्क स्वतंत्र कप्प्यात असतं. नेटएनएस म्हणजे हाच कप्पा. नुसतं ‘टेबल फुल’ वाचून कुणाचा तक्ता भरला ते कळत नसे. माणूस मुख्य यंत्राच्या आकड्यांत शोधत राही आणि भरलेला तक्ता भलत्याच कप्प्यात असे. माहिती वाढवणं गरजेचंच होतं. माझा आग्रह जागेबद्दल आहे. तोच आकडा ओळीच्या शेवटी, ‘ड्रॉपिंग पॅकेट’च्या पुढे लावला असता तर जुनी माळ अखंड राहिली असती आणि नवी माहितीही मिळाली असती. भर घालायची तर शेपटाला घालावी, पोटात घालू नये. संदेशाचे बदल तपासताना हा नियम मी सर्वांत वर ठेवेन.

या एकाच संदेशाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला त्याच्या आधी ‘आयपी_कॉनट्रॅक’ असं नाव छापलं जाई. जानेवारी २००६ च्या २.६.१५ कर्नलमध्ये आयपीच्या दोन्ही आवृत्त्या सांभाळणारा नवा कोड ‘एनएफ_कॉनट्रॅक’ या नावाने आला आणि २००७ मध्ये, २.६.२२ मध्ये, जुना काढून टाकला. उपसर्ग बदलला, तेव्हा पूर्ण नाव शोधणाऱ्या स्क्रिप्ट आंधळ्या झाल्या; ज्यांनी फक्त ‘टेबल फुल’ शोधलं होतं, त्या तरल्या. पुढे आणखी एक गंमतशीर अवस्था आली. कर्नलमध्ये अशी सोय आहे की फाइलच्या डोक्यावर एक व्याख्या लिहिली की तिथल्या प्रत्येक संदेशाआधी मॉड्यूलचं नाव आपोआप लागतं. इथे ते नाव मूळ संदेशातही हाताने लिहिलेलं होतंच. परिणामी अनेक वर्षं जगभरच्या सर्व्हरवर ‘एनएफ_कॉनट्रॅक: एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल’ असं दुहेरी छापलं जात राहिलं. आता एखादा नवखा, उत्साही प्रोग्रॅमर येतो आणि ही द्विरुक्ती काढण्याचा एका ओळीचा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, पाठवतो. दिसायला निर्मळ सुधारणा. पण तोपर्यंत किती जणांनी त्या दुहेरी नावावरच आपला शोध बेतला असेल? तपासणाऱ्याला हा प्रश्न पडला पाहिजे. उत्तर ‘तरीही काढू’ असं येऊ शकतं, पण प्रश्न न पडताच पॅच आत जाऊ नये.

कर्नलवाल्यांना हे भान अजिबात नाही, असं नाही. त्यांच्या लेखनशैलीच्या नियमांत एक गोष्ट ठळकपणे सांगितली आहे. ओळ कितीही लांब झाली तरी छापायच्या संदेशाचे दोन तुकडे करून दोन ओळींवर लिहू नका, कारण मग लॉगमध्ये दिसलेली ओळ कोडमध्ये शोधता येत नाही. मध्यरात्री घामाघूम झालेला माणूस लॉगमधले चार शब्द उचलतो आणि ते कोडच्या कुठल्या फाइलमधून आले ते शोधतो. तुकडे केले की त्याची ती वाट बंद होते. बाकी सगळीकडे ओळीची लांबी काटेकोर पाळणारी ही मंडळी इथे मात्र मुद्दाम सूट देतात. मला हा नियम फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याची सोय न पाहता वाचणाऱ्याची अडचण पाहून केलेला आहे.

आणखी एक पाऊल २०२१ मध्ये पडलं. कर्नलमधून छापल्या जाऊ शकणाऱ्या सगळ्या संदेशांची सूची यंत्रातच मिळावी, अशी सोय क्रिस डाउन यांनी लिहिली आणि ती ५.१५ कर्नलमध्ये आली. अद्ययावत करण्याआधी जुन्या आणि नव्या कर्नलची सूची ताडून पाहा, आपण ज्या शब्दांवर विसंबलोय ते बदलले का ते आधीच कळेल, असा तिचा हेतू. आपल्या अंतर्गत संदेशांचा मजकूर कायम राहील असं वचन लिनक्स कधी देत नाही. वचन नाही, पण बदल झाला तर तो दिसेल, अशी ही मधली वाट आहे.

विंडोजने या प्रश्नाला निराळं उत्तर दिलंय. तिथे प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. पॅकेट अडवलं की ५१५२, जोडणी अडवली की ५१५७. मजकूर जर्मनमध्ये असो की हिंदीत, क्रमांक तोच. शोधायचं ते क्रमांकाने. लिनक्समध्ये असा क्रमांक नाही, त्यामुळे तिथे शब्द हाच क्रमांक होऊन बसतो, आणि शब्दाला हात लावणं जोखमीचं ठरतं. कर्नलचे संदेश कधी भाषांतरितही होत नाहीत. येवल्याच्या किंवा निफाडच्या शाखेत बसलेल्या तंत्रज्ञाला ते इंग्रजीतच वाचावे लागतात. म्हणून संदेशाची इंग्रजी साधी आणि एकच अर्थ निघेल अशी असावी, हा आग्रह केवळ टापटिपीचा राहत नाही.

आता फायरवॉलची नेहमीची नोंद जवळून पाहू. लिनक्समध्ये अडवलेल्या पॅकेटची ओळ रोमन अक्षरांत येते; देवनागरीत उतरवली तर ती साधारण अशी दिसेल: ‘अडवले आयएन=ईटीएच० ओयूटी= एमएसी=… एसआरसी=२०३.०.११३.४५ डीएसटी=१९२.१६८.१.१० एलईएन=६० टीटीएल=४९ प्रोटो=टीसीपी एसपीटी=४१०२२ डीपीटी=२२ एसवायएन’. ईटीएच० या दारातून पॅकेट आत आलं, पाठवणारा अमुक पत्ता, मिळणारा तमुक पत्ता, टीसीपी, आणि बावीस क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दूरवरून यंत्रात शिरण्याच्या दारावर, नवी जोडणी मागतंय. ओयूटी रिकामं आहे, म्हणजे पॅकेट याच यंत्रासाठी होतं, पुढे कुणाकडे जाणार नव्हतं. हा रिकामा रकानाही बोलतो. ‘काही नसेल तर रकाना छापूच नका, ओळ आटोपशीर होईल’ असा पॅच कुणी आणला, तर रकाने मोजून वाचणाऱ्या स्क्रिप्टचं सगळं गणित एका घराने सरकेल.

एमएसीचा रकाना तर नवख्यांना हमखास चकवतो. त्यात चौदा बाइट एका माळेत छापलेले असतात. पहिले सहा मिळणाऱ्याच्या नेटवर्क कार्डाचे, पुढचे सहा पाठवणाऱ्याच्या कार्डाचे, शेवटचे दोन आतला मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारे. अख्खी माळ पाठवणाऱ्याची समजून तक्रारीत चिकटवणारे लोक असतात. हा रकाना सोडवून तीन रकाने करावेत, असं मलाही वाटतं. पण ते नव्या नावांनी करावं आणि जुना रकाना जागेवर ठेवावा.

या ओळीतला पहिला शब्द, ‘अडवले’, हा सर्वांत धोक्याचा. तो फायरवॉलने लिहिलेला नसतो. नियम मांडणाऱ्याने आपल्या मनाने दिलेला तो उपसर्ग असतो. आयपीटेबल्समध्ये त्याला २९ अक्षरांची मर्यादा आहे. आणि आयपीटेबल्समधला नोंद करण्याचा नियम नुसती नोंद करतो, पॅकेट पुढच्या नियमाकडे जातं. अडवण्याचा नियम त्याखाली वेगळा लिहावा लागतो. तो राहून गेला, किंवा मध्ये कुणी सोडण्याचा नियम घुसवला, तर लॉग ‘अडवले, अडवले’ म्हणत राहतो आणि पॅकेट खुशाल आत जात राहतं. पीएफमध्ये नोंद नियमालाच जोडलेली असते, म्हणून नोंदीतली कृती ही खरोखर झालेली कृती असते. आयपीएफडब्ल्यूही नोंदीतला शब्द नियमाच्या कृतीवरूनच काढतो. मला ही रीत जास्त सचोटीची वाटते. लिनक्सचा लॉग वाचणाऱ्याने मात्र उपसर्गाला पुरावा मानू नये. तो मांडणाऱ्याचा हेतू सांगतो, घडलेलं सांगत नाही.

या उपसर्गाची आणखी एक छोटी कटकट आहे. त्याच्या शेवटी मोकळी जागा सोडली नाही तर तो ‘आयएन’ला चिकटतो आणि दोन शब्दांचा एक विचित्र शब्द तयार होतो. कर्नलनेच मध्ये जागा सोडली तर बरं, असं कुणालाही वाटेल. पण ज्या हजारो लोकांनी आधीच जागा सोडून ठेवलीय त्यांच्या लॉगमध्ये मग दोन जागा येतील, आणि एकाच जागेवर ओळ तोडणारं साधन तिथे एक रिकामा रकाना पाहील. एका मोकळ्या जागेच्या पॅचमध्ये एवढं सगळं असतं.

मजकुराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, संदेश किती वेळा छापायचा. शत्रू सेकंदाला हजारो पॅकेट पाठवू शकतो. प्रत्येकाची नोंद केली तर फायरवॉल पॅकेट अडवताना दमणार नाही, लिहिताना दमेल. सिरियल कन्सोल ९,६०० च्या वेगाने चालत असेल तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. दोनशे अक्षरांची नोंद धरली तर जेमतेम पाच ओळी. म्हणून कर्नल हात आखडता घेतो. नेटवर्कच्या संदेशांना मूळ मांडणीत दर पाच सेकंदांत दहापर्यंत वाव असतो; बाकीचे गिळले जातात आणि किती गिळले याचा आकडा तेवढा येतो. कुणी या आवराशिवायचं फंक्शन वापरून नवा संदेश लिहिला, तर तपासणाऱ्याने तिथेच थांबवायला हवं. हा संदेश बाहेरचा माणूस मनात येईल तेव्हा, हव्या तितक्या वेळा छापून घेऊ शकतो का, हा प्रश्न फायरवॉलच्या प्रत्येक संदेशाला लागू आहे.

आवर घालण्याची दुसरी बाजूही आहे. आयपीएफडब्ल्यूमध्ये एका नियमाच्या किती नोंदी करायच्या याची मर्यादा घालता येते. ती शंभर असेल तर शंभराव्या नोंदीनंतर ‘मर्यादा संपली’ अशा अर्थाची एक ओळ येते आणि त्या नियमाची नोंद बंद पडते, कुणी मोजणी शून्यावर आणेपर्यंत. ती एक ओळ वाचायची राहिली, तर पुढची शांतता म्हणजे हल्ला थांबला असं वाटतं. हल्ला चालूच असतो. त्या ओळीची पातळी ‘माहिती’वर उतरवणारा पॅच निरुपद्रवी दिसतो, पण कमी पातळीचे संदेश गाळणाऱ्या कार्यालयात ती ओळ यापुढे कुणाला दिसणारच नाही.

अनेक प्रोसेसरच्या यंत्रांत अजून एक गोंधळ होत असे. नोंदीची ओळ तुकड्यातुकड्याने छापली जाई, आणि दोन प्रोसेसर एकाच वेळी छापत असतील तर एका पॅकेटचा पाठवणारा दुसऱ्या पॅकेटच्या मिळणाऱ्याला चिकटे. लॉग खोटा नसायचा, पण त्यातून निघणारा अर्थ खोटा. एरिक ड्युमाझे यांनी २०१० मध्ये संपूर्ण ओळ आधी एका जागी जुळवून मग एकदाच छापण्याचा बदल केला. अक्षर एकही बदललं नाही, पण लॉगवर विश्वास ठेवता येऊ लागला. संदेशाच्या बदलांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

लॉगमध्ये काय छापू नये, हेही तपासणीत पाहावं लागतं. पूर्वी अडचण शोधायला सोपं जावं म्हणून कर्नलच्या स्मृतीतले पत्ते संदेशांत सर्रास छापले जात. घुसखोराला कर्नल पोखरायला हेच पत्ते लागतात. २०१८ च्या सुरुवातीला आलेल्या ४.१५ कर्नलपासून असे पत्ते आपोआप विस्कटून छापले जातात. तरीही खरा पत्ता छापण्याची पळवाट कोडमध्ये शिल्लक आहे, आणि पॅचमध्ये ती दिसली की कारण विचारावंच लागतं.

आणि शेवटी, शत्रूने दिलेला मजकूर. फायरवॉलच्या नोंदीत बहुतेक आकडेच असतात, म्हणून ती बरीच सुरक्षित. लॉग वाचून पत्ते आपोआप अडवणारी साधनं मात्र इतर संदेशही वाचतात. २००७ मध्ये डॅनियल सिड यांनी दाखवून दिलं की दूरवरून शिरताना वापरकर्त्याच्या नावाच्या जागी हुशारीने वाक्य लिहिलं, तर लॉगची ओळ अशी बनते की फेलटूबॅनसारखं साधन भलत्याच पत्त्याला दार बंद करतं. म्हणजे शत्रू तुमच्याच हातून तुमच्याच ग्राहकाला अडवू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी करणाऱ्या साधनाचा दोष उघड झाला, तेव्हा तर नोंद करताना त्या मजकुरातला हुकूमच चालवला जात होता, हे जगाने पाहिलं. बाहेरून आलेला शब्द संदेशात टाकायचा असेल तर तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे यंत्राला निर्विवाद कळलंच पाहिजे.

आपल्याकडे हे सगळं आता नियमांच्याही चौकटीत आलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम सायबर हल्ल्यात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट आखून दिली. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने निर्देश काढले: यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे, ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. नाशिकच्या सातपूरला ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी अनेक संस्थांची यंत्रं एका छताखाली चालतात आणि लॉगही शेजारी शेजारी साठतात. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. १८० दिवसांच्या मध्यावर कर्नल बदलला आणि संदेशाचं रूप बदललं, तर एकाच घटनेचा अर्धा लॉग एका भाषेत आणि अर्धा दुसऱ्या भाषेत बोलतो. तपास अधिकाऱ्याला दोन्ही एकच आहेत हे कोण समजावणार?

घड्याळ जुळवलं तरी वेळेचा घोळ राहतोच. जुन्या धाटणीच्या सिसलॉगच्या ओळीत महिना, तारीख, वेळ असते. वर्ष नसतं आणि कालविभागही नसतो. यंत्र जागतिक वेळेवर चालत असेल तर लॉगमधले संध्याकाळचे सात म्हणजे नाशिकमधले रात्रीचे साडेबारा, आणि तारीख पुढची. २००९ मध्ये आलेल्या नव्या मानकात वर्ष आणि विभाग दोन्ही आहेत. ते वापरायचं की जुनंच ठेवायचं, हे अजूनही बऱ्याच ठिकाणी कुणी ठरवलेलं नसतं.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलंय आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. अशा सोहळ्यासाठी तात्पुरती नेटवर्कं उभी राहतात, यंत्रं घाईने जोडली आणि अद्ययावत केली जातात. ज्यांच्याकडे ती सोपवलेली असतील त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. आपल्या सूचना कोणत्या शब्दांवर बेतल्या आहेत त्यांची यादी काढा. मग चाचणीच्या यंत्रावर जोडण्यांच्या तक्त्याची मर्यादा मुद्दाम दहा-वीसवर आणा, थोडी रहदारी सोडा आणि तक्ता भरू द्या. लॉगमध्ये ओळ येते का, ती कोणत्या शब्दांत येते, तिच्यावरची वेळ भारतीय आहे की जागतिक, आणि ज्याच्या हातात रात्रपाळीचा मोबाइल आहे त्याला सूचना पोहोचते का, ते पाहा. कर्नल बदलला की हाच प्रयोग पुन्हा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.